रात्रीचा हॉर्न आणि दुपारचं मृगजळ

पाचोरा तालुक्यातल्या एका खेड्यातून अकरावीच्या मुलीचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा:

"आमच्या गावापासून रेल्वेलाइन चार-साडेचार किलोमीटरवर आहे. रात्री जेवणं आटोपून ओट्यावर बसलं की गाडीचा हॉर्न शेजारच्या गल्लीत वाजल्यासारखा येतो, रुळांची खडखडसुद्धा ऐकू येते. दुपारीही गाड्या जातातच, पण काहीच ऐकू येत नाही. आजी म्हणते, 'रातले गाडीना आवाज गावमा येस, दिनले तो उन्हमा जळी जास.' वर्गात विचारलं तर सर म्हणाले, रात्री शांतता असते म्हणून. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमच्या गावात रात्रीपेक्षा जास्त सामसूम असते. दुसरं म्हणजे, पुस्तकात लिहिलंय की प्रकाश सरळ रेषेत जातो. मग डांबरी रस्त्यावर मृगजळ कसं दिसतं? आणि आवाज व प्रकाश दोन्ही लाटाच असतील, तर भिंतीपलीकडचा आवाज येतो, प्रकाश का येत नाही?"

बेटा, आधी तुझ्या आजीचं बघू. आवाज उन्हात जळत नाही, पण आजीने बोट बरोबर उन्हावरच ठेवलंय. तुझ्या सरांचं उत्तरही चूक नाही, अपुरं आहे. रात्री पंप, ट्रॅक्टर, पाखरं, माणसं गप्प होतात आणि बारीक आवाज कानाला जाणवतात, हे खरंच. पण तू मेमधल्या दुपारचा मुद्दा काढलास आणि तिथे ते उत्तर अडतं. मी बत्तीस वर्षं अमळनेरला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. हॉर्न आणि मृगजळ हे दोन प्रश्न एकाच मुलाने एकाच दमात विचारल्याचं मला आठवत नाही. गंमत अशी की ते दोन प्रश्न नाहीतच. ज्या कारणाने दुपारी रस्त्यावर पाणी दिसतं, त्याच कारणाने दुपारी हॉर्न ऐकू येत नाही.

आवाज म्हणजे काय ते आधी डोळ्यांसमोर आण. एसटीच्या दारात गर्दी झालीय आणि मागून कुणीतरी रेटा दिला. तो रेटा खांद्याखांद्यातून दारापर्यंत पोचतो, पण मागचा माणूस दारापर्यंत पोचत नाही. तो फार तर वीतभर पुढे सरकतो आणि परत जागेवर येतो. हवेतही तसंच होतं. हॉर्नचा पडदा हवेला दाबतो, ती पुढच्या हवेला दाबते, मग सैल होते. असे दाट आणि विरळ पट्टे पुढे पुढे जातात. पुस्तकात याला अनुतरंग म्हटलंय, कारण हवेची हालचाल लाटेच्या दिशेतच असते. ही हालचाल किती असते म्हणशील, तर साध्या बोलण्यात हवा जागच्या जागी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याएवढी हलते. तेवढ्यावर आपला कान काम भागवतो.

हा रेटा किती वेगाने जाईल? हवेचे रेणू मुळातच इकडेतिकडे पळत असतात, नेहमीच्या तापमानाला सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने. निरोप पोचवणारे तेच असल्यामुळे आवाज त्यांच्यापेक्षा वेगाने जाऊ शकत नाही, थोडा कमीच भरतो. ० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला ३३१ मीटर जातो. हवा तापली की रेणू जास्त जोरात पळतात आणि आवाजही. दर अंशाला साधारण ०.६ मीटरची भर पडते. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ वर गेला की हा वेग ३५७ च्या आसपास असतो, आणि डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना ३३७.

परीक्षेत निम्मी मुलं इथे चुकतात. त्यांना वाटतं हवेचा दाब वाढला की आवाज वेगाने जातो. तसं होत नाही. दाब वाढला की घनताही त्याच प्रमाणात वाढते आणि हिशेब जिथल्या तिथे राहतो. तोरणमाळला, हजार मीटरहून उंच, हवा विरळ आहे. पण तापमान धुळ्याएवढंच असेल तर आवाजाचा वेगही धुळ्याएवढाच. या हिशेबात खुद्द न्यूटनही चुकला होता. त्याचं उत्तर जवळपास पंधरा टक्क्यांनी कमी आलं, कारण हवा दाबली जाताना तिचं तापमान बदलत नाही असं त्याने धरलं. सायकलच्या पंपात हवा भरताना नळी गरम होते हे आपल्या गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असतं. ध्वनीच्या लाटेतही दाबाच्या जागी हवा क्षणभर तापते. ही दुरुस्ती पुढे फ्रेंच गणिती लाप्लासने केली.

आता प्रकाश. प्रकाशात हवेला कुणी रेटत नाही. विद्युत क्षेत्र बदललं की चुंबकीय क्षेत्र निर्माण होतं, चुंबकीय बदललं की विद्युत. एकमेकांच्या आधाराने दोघं पुढे जात राहतात, त्यांना वाहून नेणारं काही लागत नाही. म्हणून पंधरा कोटी किलोमीटरच्या पोकळीतून सूर्याचं ऊन आपल्या कपाशीपर्यंत येतं, आणि सूर्यावर चाललेला गोंधळ मात्र आपल्याला कधीच ऐकू येत नाही. ही क्षेत्रं लाटेच्या दिशेला आडवी हलतात म्हणून हा अवतरंग. पोकळीत त्याचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. १९८३ पासून मीटरची व्याख्याच या आकड्यावरून करतात, त्यामुळे यापुढे कुणी कितीही बारकाईने मोजलं तरी हा आकडा बदलायचा नाही.

हवेत शिरल्यावर प्रकाश किंचित अडखळतो. किती? सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळणारा प्रकाश हवेमुळे फक्त ऐंशी-नव्वद किलोमीटरने कमी पळतो. हवा तापून विरळ झाली की ही अडखळ आणखी कमी होते. म्हणजे गरम हवेत आवाजही वेगाने जातो आणि प्रकाशही. कारणं अगदी वेगळी आहेत. एकात रेणू जोरात पळतात म्हणून, दुसऱ्यात रेणू कमी आडवे येतात म्हणून. दोघांची दिशा एक आली हा योगायोग समज. पाण्यात तो मोडतो: हवेतून पाण्यात शिरलं की आवाजाचा वेग चौपटीहून जास्त, सेकंदाला दीड हजार मीटरच्या घरात जातो, आणि प्रकाशाचा वेग तीन चतुर्थांशावर येतो. "माध्यम दाट तर आवाजाचा वेग जास्त" हे वाक्य तुझ्या गाइडमध्ये असेल तर त्यावर काट मार. दाटपणा उलट वेग कमीच करतो. वाढवतो तो ताठपणा. पाणी आणि पोलाद दाट आहेतच, पण ते दाबायला त्याहून कितीतरी ताठ आहेत, म्हणून तिथे आवाज पळतो. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका आणि त्यात आवाज हवेच्या जवळपास चौपट वेगाने जातो.

आता मुख्य गोष्ट. वेग जागोजागी वेगळा असेल तर लाट वळते. का वळते, हे मी फळ्यावर पुष्कळ वर्षं किरण आणि कोन काढून सांगत होतो आणि पोरं माना डोलवत होती. एकदा मागच्या बाकावरच्या शेतकऱ्याच्या मुलाने मला अडवलं आणि म्हणाला, "सर, हे तर खळ्यातल्या पातीसारखं आहे." त्यानंतर मी तेच उदाहरण वापरलं.

मळणी यंत्रं यायच्या आधी खळ्याच्या मधोमध मेढ रोवत आणि चार-पाच बैल एका ओळीत जुंपून तिच्याभोवती फिरवत. ही पात. मेढीजवळचा बैल म्हातारा, सावकाश पावलं टाकणारा. कडेचा बैल जवान, लांब ढांगा टाकणारा. सगळे एका दोरीत बांधलेले. आता सांग, ओळ कुठे वळणार? संथ बैलाकडे. वळवायला कुणी लागत नाही, कडेचा बैल जास्त चालतो आणि मेढीजवळचा कमी, म्हणून ओळच फिरते. लाटेचा पुढचा काठ म्हणजे ही पात. तिचं एक टोक वेगाने गेलं आणि दुसरं सावकाश, की सगळी लाट सावकाश बाजूला झुकते. आवाजाची असो, प्रकाशाची असो, विहिरीतल्या पाण्याची असो. पुस्तकात यालाच अपवर्तन म्हणतात. प्रकाश सरळ रेषेत जातो हे तुझं पुस्तक म्हणतं ते खरं आहे, फक्त माध्यम सगळीकडे सारखं असेल तर. ती अट बहुतेक वेळा लहान अक्षरात असते किंवा नसतेच.

आता मेमधली दुपार घे. काळी जमीन तव्यासारखी तापलेली. जमिनीलगतची हवा सगळ्यात गरम, वर जावं तशी थंड. म्हणजे खालचे बैल जवान, वरचे म्हातारे. हॉर्नमधून निघालेली लाट सपाट जात असते. तिचा खालचा काठ वेगाने पळतो, वरचा मागे राहतो आणि लाट वर झुकते. तुझ्या गावाकडे निघालेला आवाज गावाच्या डोक्यावरून आभाळात निघून जातो. एक ढोबळ हिशेब करून बघ: दर दहा मीटर उंचीला तापमान एक अंशाने उतरतंय, हॉर्न जमिनीपासून चार मीटरवर, ऐकणाऱ्याचा कान दीड मीटरवर. मग आवाजाची वाट सुमारे पावणेसहा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात वर वळते आणि साडेतीनशे मीटरच्या पुढे जमिनीवर उभ्या माणसापर्यंत थेट आवाज पोचतच नाही. तिथून पुढे आवाजाची सावली. झाडाची सावली पूर्ण काळी नसते तशी हीसुद्धा पूर्ण मुकी नसते, हवेच्या भोवऱ्यांवर विखरून थोडा आवाज खाली सांडतो. पण साडेचार किलोमीटरवर त्यातलं काय उरणार!

रात्री सगळं उलटं होतं. आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल तर जमीन आपली उष्णता वर सोडते आणि भराभर निवते. तिला लागून असलेली हवा गार पडते, वरची हवा मात्र दिवसाची ऊब धरून असते. आता खालचा बैल म्हातारा. वर निघून जाणारा आवाजसुद्धा वाकून पुन्हा जमिनीकडे येतो, आणि कपाशीच्या शेतातून रांगत न येता वरून उतरतो, त्यामुळे वाटेतल्या पिकांनी आणि भुसभुशीत मातीने खाल्ला जात नाही. हे उलटं तापमान डोळ्यांनी पाहायचं असेल तर थंडीत संध्याकाळी गावाबाहेर जाऊन उभी राहा. चुलींचा, शेकोट्यांचा धूर सरळ वर जातो आणि एका ठरावीक उंचीवर अडून चादरीसारखा आडवा पसरतो. ते झाकण म्हणजे गरम हवेचा थर. तेच झाकण तुझ्या हॉर्नला खाली परतवतं. रात्रपाळीच्या विजेवर गव्हाला पाणी भरायला जाणाऱ्या कुणालाही विचार. डिसेंबरच्या दोन-तीन वाजता, ओल्या गार शेतात उभं असताना, तीन शिवारांपलीकडच्या माणसाचं बोलणंसुद्धा कळतं. भुताखेतांच्या निम्म्या गोष्टी इथूनच निघाल्या असाव्यात असा माझा आपला अंदाज.

लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवायचा नियम आहे. झोपमोड हे त्याचं उघड कारण. पण ज्या कर्ण्याचा आवाज दुपारी गावच्या वेशीवर संपतो तोच रात्री पुढच्या दोन गावांना उठवतो, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना मी सांगून थकलो. त्यांना वाटतं मास्तर नवीन काहीतरी काढतोय.

वाऱ्याचंही सांगून टाकतो, कारण तू पुढे तेच विचारणार. वारा आवाज वाहून आणतो असं आपण म्हणतो. वाऱ्याचा वेग सेकंदाला पाच मीटर, आवाजाचा साडेतीनशे. वाहून आणल्याने फरक पडतो किती? दीड टक्का. खरी गोष्ट अशी की जमिनीलगत झाडं, बांध, घरं वाऱ्याला अडवतात, वर तो मोकळा असतो. वाऱ्याच्या दिशेने जाणाऱ्या लाटेचा वरचा काठ जास्त पुढे ढकलला जातो, म्हणून लाट खाली वाकते. वाऱ्याविरुद्ध जाणारी वर उचलली जाते. हे १८५७ मध्ये स्टोक्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सांगितलं आणि तापमानाचा भाग १८७० च्या दशकात ऑस्बर्न रेनॉल्ड्सने मांडला. तेव्हा वारं सुटलेल्या दिवशी रेल्वे तुझ्या गावाच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर बरंच ठरेल.

मृगजळाकडे येऊ. आता तू स्वतःच सांगू शकशील. मेमध्ये डांबर ६० अंशांच्या पुढे तापतं. त्याला चिकटलेल्या बोटभर थरात हवा वरच्यापेक्षा वीस-तीस अंशांनी गरम असते. समोरच्या निळ्या आभाळाकडून तिरका खाली येणारा प्रकाश रस्त्याजवळ येतो, त्याचा खालचा काठ वेगाने पळतो, वरचा मागे राहतो, आणि रस्त्याला स्पर्श करायच्या आत तो वर वळून तुझ्या डोळ्यांत शिरतो. डोळा बिचारा सरळ रेषेत बघणारा. त्याला आभाळाचा तुकडा रस्त्यावर पडलेला दिसतो. जमिनीवर निळं, चकाकणारं, थरथरणारं काही दिसलं की मन त्याला पाणी म्हणतं. पण दृश्य खोटं नाही. मोबाइलने फोटो काढ, फोटोतही पाणी येतं. मोबाइलला काही तहान लागलेली नसते. नेपोलियनच्या सैन्याबरोबर १७९८ मध्ये इजिप्तला गेलेल्या गास्पार मोंजने वाळवंटात सैनिकांना फसवणाऱ्या या पाण्याचं स्पष्टीकरण लिहून ठेवलं.

आता एक आकडा, जो मला अजूनही थक्क करतो. हवा दहा अंशांनी तापली तर आवाजाचा वेग १.७ टक्क्यांनी वाढतो. प्रकाशाचा वेग तेवढ्याच तापमानफरकाने दहा लाखांत फक्त नऊ भागांनी वाढतो. म्हणजे आवाज प्रकाशापेक्षा जवळपास दोन हजार पट जास्त वळतो. म्हणूनच दुपारी हॉर्न ऐकू येत नाही पण गाडी दिसते. दोघांवर एकच ऊन पडतं. आवाज पार आभाळात जातो, आणि प्रकाश इतका कमी वळतो की डबे जिथल्या तिथे दिसतात, फार तर खालून थरथरतात.

प्रकाश इतका कमी वळतो, म्हणून मृगजळ फक्त अगदी चपट्या कोनात दिसतं. तापमानात वीस-तीस अंशांचा फरक असला तरी रस्त्याशी जेमतेम पाव ते अर्ध्या अंशाचा कोन करून येणारा प्रकाशच वर वळू शकतो. तुझा डोळा दीड मीटर उंचीवर असेल तर या कोनात दिसणारा रस्ता दोनशे-अडीचशे मीटर पुढचा. म्हणून पाणी नेहमी तेवढंच लांब राहतं आणि तू चाललीस की पुढे सरकतं. पटत नसेल तर रस्त्याकडेला उभी राहून बघ, मग उकिडवी बसून बघ. डोळा निम्म्या उंचीवर आला की पाणी निम्म्या अंतरावर येतं. हा प्रयोग मी पोरांना वर्दळ नसलेल्या शिवाररस्त्यावरच करायला लावत असे आणि तू पण तिथेच कर. हायवेवर नको.

याच नियमाचा तिसरा नमुना मी माझ्या गच्चीवरून दर वर्षी पाहतो. जूनच्या सुरुवातीला रात्री उत्तरेला सातपुड्यावर वीज लवते. लख्ख उजेड, ढगांच्या कडा दिसतात, आणि गडगडाट नाही. लोक म्हणतात ही नुसती उन्हाची वीज, तिला आवाज नसतो. वीज म्हटली की गडगडाट असतोच. पण सातपुडा इथून तीस-पस्तीस किलोमीटर. जमिनीलगतचा पातळ थर सोडला तर आभाळात वर जावं तशी हवा थंडच होत जाते, दर किलोमीटरला सहा-साडेसहा अंशांनी. म्हणजे ढगातून निघालेला आवाज वर वर वळत जातो. चार किलोमीटर उंचीवरच्या गडगडाटाचा हिशेब केला तर पंचवीस किलोमीटरच्या आसपास तो जमिनीला शेवटचा स्पर्श करून उचलला जातो. प्रकाशाची असली काही अडचण नाही, तो शंभर किलोमीटरवरून दिसतो. जवळची वीज असेल तर लखलखाट आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोज आणि तिनाने भाग, किलोमीटर मिळतात. ते उत्तर दहाच्या आत आलं की गच्ची सोड.

राहिला भिंतीचा प्रश्न. यात दोन गोष्टी मिसळल्यात. एक, आवाज भिंतीतूनही येतो, कारण भिंत स्वतः थोडी थरथरते आणि पलीकडच्या हवेला हलवते. दुसरी महत्त्वाची: तो दारातून, खिडकीतून वळसा घालून येतो. हे वळणं म्हणजे वर सांगितलेलं वेगाच्या फरकाचं वळण नव्हे, याचं नाव विवर्तन. लाटेची लांबी आणि वाटेतल्या वस्तूचा आकार यांचं प्रमाण इथे सगळं ठरवतं. आपण ऐकतो ते आवाज २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं), म्हणजे सतरा मीटरपासून सतरा मिलिमीटर तरंगलांबीचे. पुरुषाच्या बोलण्यातल्या १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट साडेतीन मीटर लांब, दारापेक्षा मोठी. ती दारातून बाहेर पडताच चहूकडे पसरते. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. तिच्यासाठी दार म्हणजे अफाट मैदान, ती सरळ निघून जाते. दोन बोटं जवळजवळ चिकटवून त्यांच्या फटीतून ट्यूबलाइटकडे बघ, फटीत बारीक काळ्या रेघा दिसतील. फट पुरेशी अरुंद झाली की प्रकाशही वळतो, हे त्या रेघा सांगतात.

आवाजातला हा फरक तू श्रावणात कानबाईच्या मिरवणुकीत ऐकला असशील. मिरवणूक पुढच्या गल्लीत असते तेव्हा ढोलाचा दणका येतो, झांजा ऐकू येत नाहीत. ढोलाची लाट लांब, घरांना वळसा घालते. झांजेची आखूड, ती भिंतींना अडते. मिरवणूक कोपऱ्यावरून वळून समोर आली की एकदम झांजा उघडतात.

बारावीच्या वर्गात काचेच्या हंडीत घंटा ठेवून पंपाने हवा काढायचा प्रयोग दाखवतील. आवाज विझत जातो आणि निष्कर्ष निघतो की हवा नाही म्हणून आवाज नाही. निष्कर्ष बरोबर, पण प्रयोगात एक गफलत आहे. कॉलेजच्या पंपाने हंडी काही रिकामी होत नाही, बरीच हवा उरते आणि त्या उरलेल्या हवेत आवाज पूर्वीच्याच वेगाने जातो. तो विझतो कारण इतकी विरळ हवा घंटेकडून रेटा नीट घेऊ शकत नाही आणि जाड काचेला तो देऊ शकत नाही. मी हे वीस वर्षं नोकरी झाल्यावर समजून घेतलं. त्याआधी मीही मुलांना तेच अर्धवट सांगत आलो.

आता घरी करण्याजोगा एक प्रयोग. काचेची आयताकृती टाकी घे, मासे ठेवतात तशी. तळाला किलोभर साखर पसर आणि कडेने हळूहळू पाणी सोड, साखर ढवळली जाता कामा नये. एक-दोन दिवस तशीच राहू दे. खाली दाट पाक, वर साधं पाणी आणि मध्ये हळूहळू पातळ होत जाणारा पाक तयार होतो. अंधारात लेझर टॉर्चचा किरण टाकीत आडवा सोड. पाकात प्रकाश सावकाश जातो, म्हणून किरण चक्क कमानीसारखा खाली वाकतो. तुझ्या रात्रीच्या हॉर्नची वाट अशीच, फक्त काही किलोमीटर लांब. हाताशी असेल तर पाण्यात दुधाचा एक थेंब टाक, किरण उठून दिसतो. लेझर कुणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नको आणि काचेवरून परत आलेल्या किरणाकडेही बघू नको.

ध्वनी आणि प्रकाशाच्या या जोडीचा मोह सी. व्ही. रामन यांनाही सुटला नव्हता. प्रकाशाच्या ज्या शोधासाठी त्यांना १९३० चं नोबेल मिळालं त्याच्या आधी ते व्हायोलिन आणि मृदंगाच्या कंपनांवर काम करत होते. आणि १९३५ पासून नागेंद्र नाथ यांच्याबरोबर त्यांनी मांडलेला सिद्धांत तर थेट दोघांची गाठ घालतो: द्रवातून अतिउच्च वारंवारतेचा आवाज गेला की दाट-विरळ पट्ट्यांची जाळी तयार होते आणि त्यातून जाणारा प्रकाश अनेक किरणांत फुटतो. तुझ्या टाकीत साखर जे काम करते ते तिथे आवाज करतो.

आणि मला तुझी एक मदत हवी आहे. महिनाभर रोज संध्याकाळी वहीत टिपून ठेव: सूर्य मावळल्यानंतर किती वेळाने हॉर्न पहिल्यांदा ऐकू आला, आभाळ निरभ्र होतं की ढगाळ, वारा होता का आणि कुणीकडून. ढगाळ रात्री जमीन नीट निवत नाही, तेव्हा हॉर्न कमी यायला हवा. तसं झालं की नाही ते मला कळव. साखरेच्या टाकीवर मात्र "हात लावू नका" असं मोठ्या अक्षरात लिहून ठेव. माझी दोन दिवस जपलेली टाकी आमच्या शिपाईमामांनी तळाला गाळ साचलाय म्हणून चांगली ढवळून, धुऊन, पालथी घालून ठेवली होती, आणि तपासणीचे साहेब बाहेर चहा पीत होते.